आगवाल्याचा धूर

ज्या खेळात तासन्‌तास काहीच घडत नाही तो जागरण करून का खेळायचा, हे मला आईला कधी पटवून देता आलं नाही. २००६ चा पावसाळा होता. पुण्यातली पहिली नोकरी सोडून (सुटली म्हणा हवं तर) मी तीनेक महिने गावी येऊन बसलो होतो. दाभोळच्या खाडीला लागून आमचं घर. माडीवर एक जुना कॉम्प्युटर, मित्रानं दिलेली 'सायलेंट हंटर ३'ची सीडी, बाहेर कोसळणारा आषाढ आणि पडद्यावर साधारण त्याच रंगाचा उत्तर अटलांटिक. आई चहा घेऊन वर यायची, क्षणभर पडद्याकडे बघायची आणि विचारायची, "अजून पाणीच?"

अजून पाणीच. हा खेळ आहेच तसा. युबिसॉफ्टच्या रोमानियातल्या स्टुडिओनं तो केला आणि २००५ साली बाजारात आणला. तुम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे, यू-बोटीचे, कप्तान. बंदरातून निघायचं, नकाशावर आखून दिलेल्या चौकोनात जायचं, तिथे चोवीस तास गस्त घालायची आणि मग शिकार शोधत हिंडायचं. घड्याळ १०२४ पट वेगानं पळवायची सोय आहे म्हणून बरं, नाहीतर तीन आठवड्यांच्या सफरीला खरोखरच तीन आठवडे लागले असते. तरी मी कधी कधी मुद्दाम घड्याळ मूळ वेगावर ठेवायचो. लाटेवर चढणारी-उतरणारी नाळ (बोटीचं पुढचं टोक), डिझेल इंजिनांची धडधड, टेहळणीला उभी चार माणसं. बाहेर पागोळ्या, आत समुद्र. वीज गेली की दोन्हीकडे सारखाच काळोख.

माझी बोट टाइप सात-सी. या जातीच्या साडेपाचशेहून जास्त बोटी जर्मनीनं बांधल्या. लांबी ६७ मीटर, रुंदी सहा मीटरच्या जरा वर, आणि ती बाहेरून. त्यात चव्वेचाळीस ते पन्नास माणसं, चौदा टॉर्पेडो आणि दोन-तीन महिन्यांचा शिधा. दोन संडासांपैकी एकात निघताना खाण्याचं सामान ठासलेलं असायचं. ते संपेपर्यंत सगळ्यांनी एकच वापरायचा. बंक दोघांत एक. पाण्यावर ती सतरा नॉटनं जायची (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), पाण्याखाली बॅटरीवर जेमतेम साडेसात, तेही थोडा वेळच. बॅटरी पुरवून पुरवून चार नॉटनं गेलं तर ऐंशी सागरी मैलांत सगळी संपली. म्हणजे आपण 'पाणबुडी' म्हणतो खरं, पण ही मुळात वर चालणारी बोट. बुडी मारायची ती शिकार करताना किंवा जीव वाचवताना.

हे आकडे वाचून कळत नाहीत. मला ते कळले फार नंतर, विशाखापट्टणमला. तिथे समुद्रकिनाऱ्यावर आपल्या नौदलाची 'कुरसुरा' उचलून ठेवली आहे. निवृत्त नौसैनिक स्वतः फिरवून दाखवतात. 'कुरसुरा' रशियन बनावटीची, साठच्या दशकाअखेरची, लांबी ९१ मीटर. माझ्या खेळातल्या बोटीपेक्षा कितीतरी मोठी. तरी दुसऱ्याच गोल दारात मी डोकं आपटून घेतलं. दाखवणारे काका म्हणाले, "पहिल्या आठवड्यात सगळ्यांना टेंगळं येतात. नंतर मान आपोआप वाकते." झोपायच्या फळ्या टॉर्पेडोंच्या शेजारीच. मी एका फळीवर हात ठेवून बघितला. माझ्या खांद्यांपेक्षा ती चार बोटं अरुंद होती. संगणकावरच्या खेळात मान कधी वाकत नाही आणि वास तर येतच नाही. डिझेल, घाम, कुजलेले बटाटे यांचं काय करणार? खेळ बनवणाऱ्यांना त्याचा दोष देता येत नाही.

त्यांनी जे केलं ते मात्र फार इमानानं केलं आहे. टॉर्पेडो मारणं म्हणजे बटण दाबणं, असं मला आधी वाटायचं. खेळात तशीही सोय आहे, पण खरी गोडी सगळी गणितं स्वतः करण्यात. लांबवर बोट दिसली की जहाजं ओळखायचं पुस्तक उघडायचं. त्यात प्रत्येक जहाजाची बाजूनं काढलेली काळी आकृती, डोलकाठीची उंची, लांबी, टनेज. समजा लांबी १२० मीटर निघाली. आता पेरिस्कोपमधली उभी रेघ जहाजाच्या नाळेवर धरायची आणि स्टॉपवॉच सुरू करायचं. जहाज त्या रेघेखालून सरकत जातं. पिछाडी रेघेवर आली की स्टॉपवॉच बंद. तीस सेकंद लागले? म्हणजे सेकंदाला चार मीटर, आठ नॉटला जरा कमी. इलेक्ट्रिक टॉर्पेडो तीस नॉटनं जातो. एक हजार मीटर कापायला त्याला पासष्ट सेकंद लागणार. तेवढ्यात जहाज २६० मीटर पुढे गेलेलं असणार. तेव्हा जहाज आहे तिथे मारायचंच नाही. दोन जहाजं मावतील एवढं पुढे, मोकळ्या पाण्यात मारायचं. आणि मग ते पासष्ट सेकंद मोजत बसायचं.

वाफेवर चालणारा टॉर्पेडो जास्त वेगवान, पण तो मागे बुडबुड्यांची पांढरी रेघ सोडतो, म्हणून दिवसा इलेक्ट्रिक. युद्धाच्या सुरुवातीला या टॉर्पेडोंनी खुद्द जर्मनांना भयंकर दगा दिला. चुंबकीय पिस्तूल, म्हणजे जहाजाच्या पोटाखालून जाताना नुसत्या लोखंडाच्या ओढीनं स्फोट करणारी कळ, कधी आधीच उडायची तर कधी उडायचीच नाही. १९४० च्या एप्रिलमध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर तर यू-बोटींनी समोर उभ्या असलेल्या ब्रिटिश जहाजांवर नेम धरून मारलेले टॉर्पेडो फुकट गेले. ऑक्टोबर १९३९ मध्ये स्कापा फ्लोच्या बंदिस्त नाविक तळात शिरून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवणारा ग्युंथर प्रीनसुद्धा तिथून हात हलवत परतला. खेळातही फुसके टॉर्पेडो निघतात. पासष्ट सेकंद श्वास रोखायचा आणि शेवटी 'ठक्' असा नुसता आवाज. तेव्हा त्या जर्मन नौदल खात्याला मी अस्सल मराठीत शिव्या घातल्या आहेत.

आणि मग उलटी बाजू. संरक्षक विनाशिका वर आलेली, तुम्ही दीडशे मीटर खाली, दोन नॉटनं सरपटताय. अॅस्डिक म्हणजे पाण्यातून आवाज सोडून पाणबुडी शोधायचं यंत्र; त्याचा आवाज काशाच्या थाळीवर नखानं टिचकी मारावी तसा येतो. आधी लांबून सावकाश, मग जवळ, मग भराभर. मग पाण्यात काहीतरी पडल्याचे आवाज. डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बाँब, किती खोलीवर फुटणार हे त्यांनी आधीच लावून दिलेलं असतं, तुम्हाला ते माहीत नसतं. एकदा अशाच वेळी आईनं खालून "जेवायला येतोस का?" अशी खणखणीत हाक मारली. मी दचकून तोंडावर बोट ठेवलं. घरात तेव्हा आम्ही दोघंच होतो.

अशा दिवसांतच एका संध्याकाळी चाचा आले. खाडीच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. जन्मभर बोटीवर काढलेला माणूस. आमच्याकडे 'बोटीवर होता' म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. डेकवरचा खलाशी म्हणून लागले आणि सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन उतरले. त्यांचा नातू कुवेतला. त्याची ईमेल आली का ते माझ्याकडून बघून घ्यायला ते आठवड्यातून एकदा यायचे. त्या दिवशी फोनची लाइन मिळत नव्हती, म्हणून ते खुर्ची ओढून शेजारी बसले. पडद्यावर पाणी आणि क्षितिजाच्या रेघेवर काळ्या धुराचा एक बारीक फराटा. यू-बोटीच्या कप्तानाला यासारखं सुख नाही. जहाज दिसायच्या आधी धूर दिसतो. दिवसभर वाट पाहिलेली शिकार स्वतःचा पत्ता आकाशात लिहून देत असते.

चाचा पुढे वाकले. डोळे बारीक करून म्हणाले, "येवढा काळा धूर? आगवाला झोपला काय ह्यांचा?"

मला काही समजेना. मग त्यांनी समजावलं. आगवाला म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारा. कोळसा थोडा थोडा, पसरून टाकायचा असतो. मग धूर पांढुरका, विरळ निघतो. आळस करून एकदम ढीग लोटला की आग गुदमरते आणि असा काळा लोट उठतो. "युद्धाच्या टायमाला तर धूर काढला म्हणून शिव्या खायला लागायच्या त्यांना. धूर म्हणजे मरण." थोडं थांबून त्यांनी आगवाल्याला सांभाळूनही घेतलं. "त्याची तरी काय चूक म्हणा. कोळसा रद्दी असेल. नायतर दोन माणसांचं काम एकटा करत असेल." आणि मग, अगदी सहज, "भंडारी कोण आहे बघ. भंडारी आपला असला तर जेवण बरं."

भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. तो कोण आहे हे बघायची सोय खेळात नव्हती.

त्या जहाजावर मी चाचांसमोर टॉर्पेडो सोडला नाही. मन द्रवलं वगैरे काही नाही, वीज गेली.

पण तो आगवाला डोक्यातून जाईना. तोवर मला त्या काळ्या आकृतीत फक्त टनेज दिसायचं. आकृती ओळखा, बुडवा, रोजनिशीत आकडा चढतो, आकडा वाढला की मानमरातब, नवी बोट, पदक. मला वाटायचं, ही खेळ बनवणाऱ्यांची युक्ती. खेळाला गुण लागतातच. नंतर वाचत गेलो तसं कळलं की हा हिशेब खेळाचा नव्हेच, युद्धाचाच. यू-बोटींचा सेनापती कार्ल डोनिट्झ याचं सगळं डावपेचशास्त्र या एका आकड्यावर उभं होतं. ब्रिटनचं धान्य, तेल, पोलाद समुद्रावरून येतं. ते जितकी जहाजं बांधतील त्याहून जास्त बुडवायची. कुठलं जहाज, कुठल्या समुद्रात, भरलेलं की रिकामं, हे गौण. टन मोजा. एक लाख टन झाले की कप्तानाच्या गळ्यात नाइट्स क्रॉस. ऑटो क्रेचमर हा त्यांतला सर्वांत यशस्वी. मार्च १९४१ मध्ये कैद होईपर्यंत त्यानं अडीच लाखांहून जास्त टन जहाजं बुडवली. आणि गंमत अशी की व्यापारी जहाजाचा हा 'टन' म्हणजे वजनसुद्धा नव्हे. शंभर घनफूट जागा म्हणजे एक टन. पोकळी मोजायचं माप ते. त्या पोकळीत कोण होतं याची नोंद वेगळ्या वहीत.

तर ती वही. युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या दर चार खलाशांत साधारण एक हिंदुस्थानी होता. इंग्रज त्यांना लस्कर म्हणायचे. मुंबईहून भरती होणाऱ्या जहाजांवर ढोबळ वाटणी ठरलेली असे. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, नाहीतर गुजरातचे खारवी. खाली इंजिनात पंजाबी आणि पठाण. केबिन, भोजनगृह, बटलरकी गोव्याच्या ख्रिस्ती पोरांकडे. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावोगावच्या खोल्या, म्हणजे कूड, होत्या. दोन सफरींच्या मधे तिथेच पथारी टाकायची. कलकत्त्याच्या जहाजांवर इंजिनात सिल्हेटचे लोक. सारंग, टिंडल, कसाब, सुकाणी, तेलवाला, कोयलावाला, आगवाला, टोपस. हे शब्द चाचांच्या तोंडून ऐकताना मला गावातल्या आडनावांची यादी ऐकल्यासारखं वाटायचं. पगार गोऱ्या खलाशाच्या चौथा-पाचवा हिस्सा. १९३९ च्या शरदात, युद्ध पेटल्याबरोबर, ब्रिटिश बंदरांतल्या लस्करांनी पगारवाढीसाठी काम बंद केलं. काही जण त्यापायी तुरुंगात गेले, पण वाढ पदरात पाडून घेतली. युद्ध संपेतो सहा हजारांहून अधिक मेले. टॉर्पेडोचा आवडता नेम इंजिनघराचा असतो हे मला आता चांगलं ठाऊक होतं. पुस्तकात तसंच शिकवलेलं: धुराड्याच्या जरा खाली.

एक नाव मात्र मला फार जवळून भेटलं. यू-बोटींनी बुडवलेल्या जहाजांची यादी एका रात्री वाचत होतो. १९४१, फेब्रुवारी. जहाज: गेरसप्पा. मी थबकलो. गिरसप्पा! शाळेच्या भूगोलातला, शरावती नदीचा तो धबधबा. त्याच्या नावाचं जहाज आयर्लंडजवळ काय करत होतं?

ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं ते मालवाहू जहाज, टनेज ५,२३७. डिसेंबर १९४० मध्ये कलकत्त्याहून निघालं. पोटात बिडाचं लोखंड, चहा, टपाल आणि चांदी. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीटाउनला ते इतर जहाजांच्या ताफ्यात सामील झालं. पण पुढे समुद्र खवळला, वेग पडला आणि कोळसा पुरेना. ताफ्याबरोबर लिव्हरपूलपर्यंत जाता येणार नाही म्हणून कप्तानानं जहाज वेगळं काढलं आणि आयर्लंडमधल्या गॉलवेची वाट धरली. एकटं, संथ, कोळसा वाचवत चाललेलं जहाज. खेळात असं चुकार जहाज सापडलं की आम्ही टाळ्या पिटतो. ना संरक्षक, ना घाई. १६ फेब्रुवारीच्या रात्री यू-१०१ नं त्याला एक टॉर्पेडो मारला. वीसेक मिनिटांत सगळं आटोपलं.

जहाजावर ऐंशीच्या वर माणसं होती, बहुतेक हिंदुस्थानी. एक जीवरक्षक होडी निभावून निघाली. तीत तीसेक जण, त्यांत पुन्हा बहुतेक लस्कर. फेब्रुवारीतला अटलांटिक, अंगावर उष्ण देशातले कपडे. तेरा दिवस. १ मार्चला इंग्लंडच्या कॉर्नवॉलचा किनारा दिसला तेव्हा मोजकेच जिवंत होते, आणि तिथल्या खडकांत लाटेनं होडी उलटवली. सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स एकटे वाचले. बाकी कोणी नाही.

पुढे २०११ मध्ये ते जहाज ४,७०० मीटर खोल सापडलं. पुढच्या दोन वर्षांत यंत्रमानव पाठवून त्यातून शंभर टनांहून जास्त चांदी वर काढली गेली. आणि चांदीबरोबर निघाली पत्रं. सुमारे सातशे. टपालाच्या थैल्या एकमेकींखाली दाबल्या गेल्यामुळे ना उजेड लागला, ना हवा, कागद टिकला. हिंदुस्थानातून विलायतेला निघालेली, खुशालीची पत्रं. लंडनच्या टपाल संग्रहालयात त्यांचं प्रदर्शनही झालं. ती लिहिणारे बहुतेक साहेबलोक. भट्टीपुढच्या माणसांची पत्रं त्यांत असण्याचं कारण नव्हतं. ते घरापासून लांब चालले होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना लिहिताही येत नसावं.

५,२३७ टन. माझ्या रोजनिशीत अशी वीस-पंचवीस जहाजं सहज असतील.

आता कोणी म्हणेल, मग जर्मनांच्या बाजूनं खेळताच कशाला? प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं सरळ उत्तर नाही. माझ्या सीडीतल्या खेळात नाझी स्वस्तिक कुठेच नव्हतं. झेंडा धुऊन-पुसून दिला होता; उरला तो नुसता समुद्र, नुसती हुशारी, नुसतं धाडस. पाण्यात माणूस दिसल्याचंही मला आठवत नाही. जहाज पेटायचं, तिरकं व्हायचं, बुडायचं, आणि वर पुन्हा तेच राखाडी पाणी. सप्टेंबर १९४२ मध्ये यू-१५६ नं 'लॅकोनिया' ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडवली आणि पाण्यातली शेकडो माणसं पाहून कप्तानानं बचाव सुरू केला. वर रेडक्रॉसचं कापडही पसरलं. तेवढ्यात अमेरिकन विमानानं त्याच्यावर बाँब टाकले. त्यानंतर डोनिट्झनं हुकूमच काढला: बुडणाऱ्यांना वाचवायचं नाही. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, पण ती या हुकुमासाठी नव्हे. खेळात हा हुकूम पाळावा लागत नाही, कारण वाचवण्यासारखं कोणी नसतंच.

आपल्याकडे यू-बोट म्हटलं की पहिलं नाव येतं ते सुभाषबाबूंचं. फेब्रुवारी १९४३ मध्ये कीलहून यू-१८० मधून आबिद हसन यांच्यासह ते निघाले आणि एप्रिलअखेर मादागास्करजवळ भर समुद्रात जपानी पाणबुडीवर चढले. ही गोष्ट आम्ही लहानपणी अंगावर काटा येऊन ऐकली आहे. वाटेत १८ एप्रिलला, सुभाषबाबू आत असतानाच, त्या पाणबुडीनं 'कॉर्बिस' नावाचा ब्रिटिश तेलवाहू टँकर बुडवला, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पासष्ट सेकंद त्यांनीही मोजले असतील का? एकाच समुद्रात, एकाच वर्षात, कोणी पाणबुडीच्या पोटातून स्वातंत्र्याकडे चाललेला आणि कोणी वरच्या जहाजात चौथ्या हिश्श्याच्या पगारावर साहेबाची भट्टी पेटती ठेवणारा.

खेळ १९४३ पर्यंत आला की सगळं फिरतं. रात्री बॅटरी भरायला वर यावं तर अंधारातून विमान येतं. त्याच्या रडारनं तुम्हाला कधीच पाहिलेलं असतं आणि शेवटच्या मैलभरात ते प्रचंड झोत लावतं. मे १९४३ या एका महिन्यात ४१ यू-बोटी गेल्या. त्यांतल्या यू-९५४ वर डोनिट्झचा मुलगा होता. २४ मेला डोनिट्झनं उत्तर अटलांटिकमधून बोटी मागे घेतल्या. या बोटींवर सुमारे चाळीस हजार माणसं गेली, त्यांतली तीस हजारांच्या आसपास परतली नाहीत. मी खेळात १९४४ कधी पाहिलं नाही. प्रत्येक वेळी आधीच मेलो.

हे पारडं कसं फिरलं याची कारणं बरीच, रडार, संकेतभेद, लांब पल्ल्याची विमानं. पण त्यांतलं एक मला जिवापाड आवडतं, कारण तेही एक खेळच होतं. १९४२ च्या जानेवारीत लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या कॅप्टननं एका खोलीच्या जमिनीवर समुद्र मांडला. हा माणूस क्षयामुळे नौदलातून घरी पाठवलेला. हाताखाली नौदलाच्या महिला दलातल्या विशीच्या पोरी. जमिनीवर खडूनं जहाजांचे मार्ग काढायचे, आणि विनाशिकांच्या अधिकाऱ्यांना भोवतीनं कापडी पडद्याआड बसवायचं. पडद्याच्या फटीतून त्यांना तेवढंच दिसायचं जेवढं भर समुद्रात रात्री जहाजावरून दिसलं असतं. यू-बोटीचा मार्ग हिरव्या खडूनं, त्यांना दिसणार नाही असा. या मांडणीतून रॉबर्ट्सच्या लक्षात आलं की यू-बोट बाहेरून मारत नाही. ती रात्री पाण्यावरूनच मागच्या बाजूनं ताफ्यात घुसते, आतून मारते आणि ताफा वरून निघून जाईस्तोवर बुडी मारून थांबते. मग तिला गाठायचे डाव तिथेच, त्या जमिनीवर, बसवले गेले. पहिल्याचं नाव 'रास्पबेरी', तेही तिथल्या एका मुलीनं ठेवलेलं. सुमारे पाच हजार अधिकारी त्या खोलीत खेळून गेले. अॅडमिरल मॅक्स हॉर्टन, जो पहिल्या महायुद्धात स्वतः नावाजलेला पाणबुडी कप्तान होता, तो यू-बोटीच्या बाजूनं खेळायला बसला आणि जॅनेट ओकेल नावाच्या पोरीकडून लागोपाठ पाच वेळा हरला.

जमिनीवरच्या त्या खडूच्या रेघा मला माझ्या पडद्यापेक्षा खऱ्या वाटतात. कदाचित त्या खोलीतून बाहेर पडणारा प्रत्येक जण दुसऱ्या दिवशी खऱ्या ताफ्याबरोबर निघायचा म्हणून असेल. त्या ताफ्यात खाली आगवालेही होते.

चाचा २००९ च्या हिवाळ्यात गेले. मी पुण्याहून दोन दिवसांनी पोचलो. भेटून परत येताना आई सहज म्हणाली, "बापाचं तोंडसुद्धा नीट आठवत नाही म्हणायचे. दहा वर्षांचे होते ते, बेचाळीस साली." चाचांचे अब्बा टिंडल, म्हणजे सारंगाच्या हाताखालचे, होते. बोट टॉर्पेडोनं बुडाली आणि ते तिच्याबरोबर गेले. कुठली बोट, कुठे बुडाली, घरी कोणी धड कळवलं नाही. थोडे पैसे आले होते म्हणे. चाचांच्या आईनं बरीच वर्षं त्यांच्या नावानं चांगलं शर्टाचं कापड पेटीत ठेवलं होतं, आणि पुढे त्याच कापडाचा शर्ट घालून चाचा पहिल्यांदा मुंबईला भरतीला गेले.

माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते तेव्हा त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. ते आले नातवाची ईमेल बघायला. क्षितिजावर जहाज दिसलं, तर त्यांनी आगवाल्याला दोष दिला आणि भंडाऱ्याची चौकशी केली.

युद्धात समुद्रात गेलेल्या हिंदुस्थानी खलाशांची नावं एका वहीत लिहून ठेवली आहेत. हुबेहूब अशा दोन वह्या. एक मुंबईच्या इंडियन सीमेन्स होममध्ये, दुसरी चितगावला. नावं संगणकावरही शोधता येतात. मी चाचांच्या अब्बांचं नाव घालून पाहिलं. ते इतकं साधं नाव आहे की पानंच्या पानं निघाली. कोणाचा हुद्दा टिंडल, कोणाचा नुसता खलाशी. गावाचं नाव कुठे आहे, कुठे नाही. बोट ठाऊक असती तर शोधता आलं असतं. मी तीन रात्री ती यादी चाळली आणि मग सोडून दिलं.

खेळ मात्र सोडला नाही. आता नवा लॅपटॉप आहे, आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्या जुन्या खेळाला नवे समुद्र, नवी जहाजं जोडली आहेत. परवा रात्री घरात सगळे झोपल्यावर लावला. १९४१, आयर्लंडच्या पश्चिमेला, समुद्र बऱ्यापैकी शांत. दोन तास काही नाही. मग क्षितिजाच्या रेघेवर तो बारीक काळा फराटा.

"येवढा काळा धूर," मी मोठ्यानं म्हणालो.

आतल्या खोलीतून बायकोनं झोपेतच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. आगवाला झोपलाय."

जहाज जवळ यायला आणखी पाऊण तास लागला. एकटंच होतं. पुस्तक उघडून आकृती जुळवली. मधला मालवाहू, एक धुराडं, लांबी १२० मीटर. वेग फार नव्हता. कोळसा वाचवत असावेत. मी उभी रेघ नाळेवर धरली आणि स्टॉपवॉच सुरू केलं.